थिर्झाचं पातेलं

बाईने बरणी उचलली, खिडकीतल्या उजेडाकडे धरून तिचा रंग पाहिला आणि परत खाली ठेवली. झालं एवढंच. चर्चच्या हॉलमध्ये मार्चमधली विक्री चालली होती. टेबलांवर विणलेले मोजे, जुनी पुस्तकं, केक मांडले होते, आणि एका टेबलामागे ऑड्री एन्डाकॉट आपल्या मार्मालेडच्या बरण्या घेऊन उभी होती. बरणी उचलणारी बाई वस्तीत नवी होती. हिरवा रेनकोट, शांत चेहरा. तेवढ्यात शेजारच्या केकच्या टेबलावरून रोझमंड ओरडली, "घ्या हो, बिनधास्त घ्या! पातेलं चोरीचं आहे म्हणून तर एवढं गोड लागतं!" आणि नेहमीसारखी खो खो हसली. आजूबाजूच्या दोघीतिघी हसल्या. ऑड्रीही हसली. चाळीस वर्षं ती या विनोदाला हसत आली होती. रोझमंड तिची लांबची चुलत बहीण. दोघींचं आडनाव एक, मूळ गाव एक, आणि हा विनोदही घराण्यातलाच, वारशाने आलेला. पण नव्या बाईला हा विनोद आहे हे कुणी सांगितलं नव्हतं. तिने क्षणभर ऑड्रीकडे पाहिलं, बरणी ठेवली, बोटं रुमालाला पुसली आणि पुढच्या टेबलाकडे गेली. ऑड्रीचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं. ते काढून कुठे ठेवावं हे तिला कळेना.

सिडवेल स्ट्रीटवरून घरी येताना ती बोटं पुसण्याची हालचाल तिच्या डोळ्यांसमोरून जाईना. मार्मालेड बरणीबाहेर कुठेही लागलेलं नव्हतं. मग त्या बाईने पुसलं काय? उरलेल्या बरण्यांची पिशवी हाताला रुतत होती. ऑड्रीला वाटलं, आपण त्रेसष्ट वर्षांच्या झालो, तेहतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला यंत्र लावून अख्ख्या एक्सेटरला एकमेकांशी जोडून दिलं, कधी कुणाचं बोलणं चोरून ऐकलं नाही, दुकानात सुट्टे जास्त आले तर परत नेऊन दिले, आणि तरी एका अनोळखी बाईच्या नजरेत आपण चोराच्या घरच्या. आणि गंमत म्हणजे त्या बाईचा राग येत नव्हता. राग येत होता तो आपल्याच हसण्याचा. आई हसायची नाही. आई या गोष्टीवर ओठ मिटून घ्यायची आणि पातेलं आणखी जोरात घासायची. गोष्ट तरी केवढीशी होती. ऑड्रीची खापरपणजी थिर्झा, कोल्डक्लीव्हच्या गिरणीवाल्या अमॉस एन्डाकॉटची धाकटी सून. तिचा नवरा सायलस तरुणपणीच गेला. सासरा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी ही बाई पाच वर्षांच्या पोराचं बोट धरून आणि घरातलं सगळ्यात मोठं पितळी पातेलं डोक्यावर घेऊन निघाली, ती आठ मैल चालत थेट एक्सेटरला आली. इथे तिने त्या पातेल्यात साखरेच्या वड्या केल्या, जॅम केले, संत्र्यांच्या साली पाकवल्या, दारोदार विकल्या आणि पोर वाढवलं. ऑड्रीची शाखा त्या पोराची, आणि ऑड्री मार्मालेड करायची ते त्याच पातेल्यात. रोझमंडची शाखा थोरल्या मुलाची, एझ्राची, आणि त्यांच्या घरी पिढ्यान् पिढ्या गोष्ट सांगितली जायची ती अशी, की म्हातारा जमिनीत मुरला नाही तोवर धाकटीने पातेलं पळवलं. घर म्हटलं की भांड्याला भांडं लागतंच, पण या भांड्याचा आवाज दीडशे वर्षं घुमत राहिला होता. तरी लहानपणापासून ऑड्रीला एक गोष्ट खटकायची. आई सांगताना नेमकं तिथे थांबायची. चोरच तर मग भर दुपारी का निघाली? डोक्यावर सूर्यासारखं चमकणारं पातेलं घेऊन, गावातल्या एकुलत्या एक रस्त्याने? एवढी बेडर चोर कशी असेल? की तिला लाजच नव्हती? लहान ऑड्रीला हे दुसरं उत्तर खरं वाटायचं, आणि मग शाळेत कुणाचं रबर हरवलं की तिचे कान आपोआप तापायचे.

सोमवारी ती दप्तरखान्यात गेली. का गेली हे तिने स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. ग्रंथालयाच्या इमारतीत वर त्यांची वाचनाची खोली होती. पेन आत न्यायचं नाही, फक्त पेन्सिल, पिशवी बाहेर, बोलायचं तर हलक्या आवाजात. टेबलामागे टॅपर नावाचे गृहस्थ बसले होते. उंच, वाकलेले, बाहीला खडूसारखी जुन्या कागदांची धूळ.

"काय शोधायचंय, बाई?"

"मृत्युपत्र. अठराशे सदतीसचं. अमॉस एन्डाकॉट, कोल्डक्लीव्ह."

टॅपरांनी चष्मा काढला. "डेव्हनचं का? मग आधी बसा."

ती बसली. डॉक्टरच असं बसायला सांगतात, तिच्या मनात आलं.

"डेव्हनच्या लोकांना हे मला रोज सांगावं लागतं," ते म्हणाले. "दुसऱ्या परगण्यांच्या दप्तरखान्यांत कुणी गेलं की तिथला माणूस सूची काढतो, ते नाव शोधतात, चिठ्ठी भरतात, प्रत मिळते, खुशीत घरी जातात. आपली मृत्युपत्रं इथेच शहरात होती. बेचाळीस सालच्या बॉम्बहल्ल्यात गेली. तीनशे वर्षांची. एकूण एक."

आणि ऑड्रीला एकदम वास आला. त्या स्वच्छ, मेणाच्या पॉलिशचा वास असलेल्या खोलीत तिला ओल्या राखेचा वास आला. ती अकरा वर्षांची होती. त्या सकाळी अंगणात काळं काहीतरी पडत होतं, सावकाश, हलकं, वारा नसताना. तिला वाटलं पिसं आहेत. तिने एक तळहातावर झेललं. कागद होता तो, जळून काळा झालेला, पण त्यावरची अक्षरं राखाडी चमकत होती, वळणदार, जुन्या हाताची. एक शब्द तर वाचताही येत होता: 'माझ्या'. पुढे काय होतं ते बोट लागताच चुरलं. आई झाडू घेऊन बाहेर आली होती, तिच्या केसांत प्लास्टर होतं. "हात लावू नकोस त्याला," ती म्हणाली आणि झाडत राहिली. जळलेले कागद गोळा करून तिने केराच्या डब्यात भरले. तेव्हा सगळंच भरत होते. ती अक्षरं कुणाची, हे विचारायला फुरसत कुणाला होती? आज, बावन्न वर्षांनी, ऑड्रीच्या मनात तो प्रश्न आला. कोण जाणे, अमॉसच आपल्या अंगणात पडला असेल, आणि आपणच त्याचा चुरा केला असेल.

"मी पाहिलीत ती," ती म्हणाली. "जळलेली. आमच्या अंगणात पडत होती."

टॅपर खुर्चीत पुढे सरकले. मग त्यांनी चष्मा परत लावला, आणि त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "जळली ती न्यायालयातली, बाई. पण माणूस मेला म्हणून सरकार कर सोडतं का? कुणी कुणाला काही ठेवून गेलं की त्यावर कर बसायचा. तो नीट बसावा म्हणून लंडनच्या करखात्याने मृत्युपत्रांच्या नकला करून घेतल्या होत्या. अठराशे बारापासून सत्तावन्नपर्यंतच्या. त्या लंडनला होत्या म्हणून वाचल्या. डेव्हनच्या नकला पुढे आमच्याकडे आल्या." ते उठले. "तुमचा माणूस सदतीसचा म्हणालात ना? बघा, नशीब काय म्हणतंय."

नशीब काहीच म्हणेना. सूचीत 'ई'खाली एन्डाकॉट सहा होते, त्यात अमॉस नव्हता. ती दुसऱ्या दिवशी आली, तिसऱ्या दिवशी आली. आय लावून इन्डिकॉट पाहिलं, ए लावून अँडाकॉट पाहिलं. डोळे दुखायला लागले. सूचीतली माणसं एकाखाली एक, शेतकरी, विधवा, लोहार, विधवा, दर्यावर्दी, विधवा. एक्स्चेंजमधल्या बोर्डावरच्या दिव्यांसारखी ती तिला वाटायला लागली, प्रत्येकजण लागलेला, प्रत्येकाला कुणाशी तरी बोलायचंय, आणि आपल्याला हवा तो दिवाच लागत नाही. मधेच मनात यायचं, बरंच आहे. नाहीच सापडलं तर निदान 'हो, चोर होती' असं लिहिलेलंही सापडणार नाही. गुरुवारी दुपारी ती बाहेर बाकावर अंड्याचं सँडविच खात बसली होती. समोरून एक म्हातारा शेतकरी नातीला हाक मारत गेला, मुरावरच्या, म्हणजे शहराबाहेरच्या उजाड माळरानावरच्या, खेड्यांतला असावा, नातीचं नाव एथेल आणि तो हाक मारत होता, "येथेल! ए येथेल!" ऑड्रीने घास तोंडात तसाच धरला. एक्स्चेंजला नवी लागली तेव्हा पहिल्याच आठवड्यात मुरावरच्या माणसांनी तिला रडवलं होतं. त्यांचा उच्चार कळायचा नाही. शेजारच्या खुर्चीवरची अनुभवी बाई म्हणाली होती, "अगं पोरी, ते लोक शब्दाच्या तोंडाला 'य' जोडतात. डोक्याने ऐकू नकोस, कानाने ऐक." मग तेहतीस वर्षं ती कानानेच ऐकत आली होती. फक्त गेले चार दिवस डोळ्यांनी ऐकत होती. तिने हलकेच, ओठांतल्या ओठांत, गिरणीच्या धुरळ्यातून एखादा म्हातारा बोलेल तसं स्वतःचं आडनाव म्हणून पाहिलं.

उरलेलं सँडविच तिने कबुतरांना टाकलं. जिना ती कुठेही न थांबता चढली. सूची उलटी केली. शेवटची पानं. वाय. येन्डाकॉट, अमॉस, गिरणीवाला, कोल्डक्लीव्ह, १८३७.

"मिस्टर टॅपर!" ती एक्स्चेंजच्या आवाजात म्हणाली, आणि सगळ्या खोलीने माना वर केल्या.

टॅपर आले, त्यांनी बोटाखालची ओळ वाचली. "वाय?" ते म्हणाले. "गावच्या लेखनिकाने ऐकलं तसं लिहिलं. आणि अमॉसला वाचता येत नसणार, मग चूक सांगणार कोण? बाई, सतरा वर्षं मी इथे आहे. वायमध्ये एन्डाकॉट शोधायचं माझ्या डोक्यात आलं नसतं." मग त्यांचा चेहरा जरा पडला. ती नक्कल ज्या गठ्ठ्यात होती तो दुरुस्तीला काढलेला होता, शिवण उसवलेली, वाचायला देता येणार नव्हता. पण पानं सुटी होती, त्यामुळे प्रत काढणं सोपं होतं. त्यांनी मागणीची चिठ्ठी पुढे केली. नाव, गाव, साल, गठ्ठ्याचा क्रमांक, आपला पत्ता, आपलं मृताशी नातं. शेवटच्या रकान्याशी ऑड्रीची पेन्सिल थांबली. आजपर्यंत कुणी तिला हे विचारलं नव्हतं. तिने लिहिलं: धाकट्या मुलाकडून, थिर्झाकडून. रकान्यात मावेना म्हणून 'थिर्झा' समासात लिहिलं.

प्रत टपालाने यायला तीन आठवडे लागणार होते. ते तीन आठवडे ऑड्रीने कसे काढले ते तिचं तिला माहीत. सकाळी दारातल्या टपालाच्या झडपेचा आवाज झाला की तिचा हात चहाच्या कपावर थांबायचा. पातेलं ओट्यावर होतं तिथेच होतं, पण तिला त्याच्याकडे सरळ पाहवेना. समजा, मृत्युपत्रात लिहिलेलं असेल, घरातली सर्व भांडीकुंडी एझ्राला. समजा, थिर्झाचं नावच नसेल. मग रोझमंडचा विनोद विनोद राहणार नाही, सरकारी शिक्क्याची गोष्ट होईल, आणि ती आपण, स्वतःच्या हाताने चिठ्ठी भरून, मागवलेली असेल. एकदा तिला स्वप्नासारखं, पण जागेपणी, वाटलं की थिर्झा दारात उभी आहे आणि म्हणते आहे, कशाला उकरतेस गं, माझं मी निभावलं होतं. ऑड्रीने तिला मनातल्या मनात उत्तर दिलं, तू निभावलंस बाई, आम्हाला नाही निभावता आलं. आई ओठ मिटूनच गेली. आता मला कळू दे. मग जे असेल ते असो.

शनिवारी सकाळी पाकीट आलं. तपकिरी, पातळ. भिंग घेऊन ती खिडकीशी बसली. नकलनविसाचा हात घाईचा होता, कुठे स्वल्पविराम नाही, कुठे पूर्णविराम नाही, डोळ्यांना सगळा गुंता. तेव्हा तिने पुन्हा कानाची वाट धरली आणि एकेक शब्द मोठ्याने वाचायला लागली:

"मी अमॉस येन्डाकॉट, कोल्डक्लीव्हचा गिरणीवाला, देहाने खचलेला परंतु बुद्धीने शाबूत, देवाला स्मरून लिहवून ठेवतो की गिरणी व घर व दोन्ही गायी व घोडा माझा मुलगा एझ्रा यास. आणि माझा मयत मुलगा सायलस याची विधवा थिर्झा, जिने दोन हिवाळे माझी सेवा केली आणि पोटच्या पोराने उचललं नसतं तसं मला उचललं, तीस माझं मोठं पितळी पातेलं, जे माझ्या आईचं. आणि हे पातेलं तिने भर दिवसा पुढल्या दाराने सर्वांदेखत घेऊन जावं, आणि कुणी तीस अडवू नये, अडवील त्यास माझ्या मालमत्तेतलं काहीही मिळू नये."

खाली अमॉसने सहीच्या जागी काढलेल्या फुलीची नोंद होती. त्याखाली वेगळ्या शाईत: एझ्रा येन्डाकॉट याने शपथेवर कबूल केलं की वरील सर्व त्यास वाचून दाखवण्यात आलं व तो ते पार पाडील.

ऑड्रीने ते तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा तिचं बोट एझ्राच्या ओळीवर थांबलं. म्हणजे एझ्राला ठाऊक होतं. त्याला शब्द न् शब्द ठाऊक होता. बापाने त्याचे हात बांधून ठेवले होते. तोंड बांधायचं तेवढं राहून गेलं, आणि त्या तोंडातून निघालेलं दीडशे वर्षं चालत येऊन चर्चच्या हॉलमध्ये एका बाईच्या हातातली बरणी खाली ठेवून गेलं. आणि थिर्झा! तिला लाज नव्हती म्हणून नव्हे, तिला हुकूम होता म्हणून ती भर उन्हात चालली होती. म्हाताऱ्याचा शेवटचा शब्द ती पाळत होती. सगळं गाव दारांदारांत उभं असेल आणि ही मान ताठ ठेवून, कारण डोक्यावर पातेलं असलं की मान ताठच ठेवावी लागते, पोराला म्हणत असेल, खाली बघू नकोस, चाल. ऑड्रीला हसू आलं, मग रडू आलं, मग दोन्ही एकदम. ती उठली, ओट्यावरचं पातेलं उचललं. केवढं जड! हे घेऊन आठ मैल? तिने ते डोक्यावर ठेवलं, दोन्ही हातांनी धरलं, आणि स्वयंपाकघरात इकडून तिकडे, तिकडून इकडे चालायला लागली. कुंपणापलीकडून शेजारच्या मिसेस गिल्पिन कपडे वाळत घालता घालता थबकल्या, चिमटा तोंडात तसाच.

"ऑड्री, बरी आहेस ना गं?"

"इतकी बरी मी आयुष्यात नव्हते!" ऑड्री खिडकीतून ओरडली.

मंगळवारी सकाळी हॉलमध्ये बायका कॉफीला जमायच्या. ऑड्रीने वाटेत शंभर टोमणे तयार केले होते, एकाहून एक धारदार. रोझमंड किटलीपाशी होती. "काय गं, आज रिकाम्या हाताने?" ती म्हणाली. "पातेल्याचा मालक भेटला की काय?"

"भेटला," ऑड्री म्हणाली. आणि सगळे टोमणे कुठल्या कुठे गेले. तिने पाकिटातून कागद काढला आणि उभ्याउभ्या वाचायला लागली. घाई नाही, चढउतार नाही, प्लिमथला फोन जोडून देताना असायचा तोच स्वच्छ आवाज. पहिल्या ओळीला कपांचा आवाज चालू होता. 'पोटच्या पोराने उचललं नसतं'ला तो थांबला. 'पुढल्या दाराने सर्वांदेखत'ला कुणीतरी मागे हलकेच "अगं बाई!" म्हणालं. शेवटची, एझ्राच्या शपथेची ओळ तेवढी तिने वाचली नाही. ती रोझमंडची रोझमंडने वाचावी म्हणून कागद तिच्यापुढे धरला.

रोझमंडने चष्मा शोधला, लावला. तिचे ओठ वाचताना हलत होते. ती खालच्या ओळीशी आली, आणि ती ओळ तिने परत वाचली. मानेपासून वर लाली चढत गेली. पंचाहत्तरीची बाई, पण एकदम लहान दिसायला लागली.

"मला आजोबांनी मांडीवर घेऊन सांगितलं होतं गं," ती म्हणाली. "त्यांना त्यांच्या आजोबांनी. स्वतः एझ्रानेच."

"मला माहीत आहे."

"मी खोटं बोलत नव्हते, ऑड्री. मला खरंच तसं..."

"तेही माहीत आहे."

रोझमंडने नाक शिंकरलं. मग खांदे मागे घेतले, हॉलकडे वळली आणि केक विकतानाच्या आवाजात गरजली, "ऐकलंत ना सगळ्याजणींनी? पातेलं हिचंच आहे! सरकारी नक्कल आहे! आता यापुढे कुणी वेडंवाकडं बोललं तर माझ्याशी गाठ आहे, सांगून ठेवते!" जणू इतकी वर्षं दुसरंच कुणी बोलत होतं. कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळा हॉल हसला, आणि ऑड्रीही हसली. आणि हसता हसता तिच्या लक्षात आलं की या हसण्यात तिचे कान तापलेले नाहीत. तिने ऊन अंगावर घ्यावं तसं ते हसू अंगावर घेतलं.

त्यानंतरच्या सोमवारी ऑड्री टॅपरांना सगळं सांगायला निघाली, तेव्हा दप्तरखान्याच्या जिन्यावर मागून धापा टाकणारा आवाज आला. "थांब ना गं जरा. केवढे हे जिने!" रोझमंड होती, रविवारचा कोट घालून. "माझ्या आईकडचे लोक," ती कठड्याला धरून म्हणाली. "क्रेडिटनचे होते. त्यांचंही सापडेल का बघ ना. तुला जमतं ते. मला बाई कुठे शोधायचं ते कळत नाही."

ऑड्रीने तिला वर नेलं, टॅपरांसमोर उभं केलं, तिच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि पेन्सिल दिली. चिठ्ठी पुढे सरकवली.

"आडनाव इथे. आईच्या गावाकडचे जसं म्हणायचे तसंही खाली लिही."

रोझमंडने दोन अक्षरं लिहिली आणि थांबली. कुजबुजत म्हणाली, "ऑड्री, आणि काही वाईटसाईट निघालं तर गं?"

"निघू दे," ऑड्री म्हणाली आणि सूची आपल्याकडे ओढून घेतली. "तुझ्या शेजारी मी बसलेय ना. लिही."